सोळा वर्षं युनिफॉर्म घातला, आता रोज काय घालू?

भोसरी_शॉपफ्लोअर (सोमवार, रात्री १०:४०)

मंडळी, जरा लाजत लाजतच धागा काढतोय.

वय ४१, उंची ५ फूट ५, कंबर ३६. भोसरी एमआयडीसीत सोळा वर्षं शॉपफ्लोअरवर काढली. कंपनी वर्षाला दोन जोड द्यायची, फिकट निळा शर्ट आणि नेव्ही पँट. खाली सेफ्टी शूज. सकाळी उठून काय घालू, हा प्रश्न सोळा वर्षांत एकदाही पडला नाही. लग्नकार्याला बायको पलंगावर काढून ठेवेल ते, आणि रविवारी जुना युनिफॉर्म. बायको म्हणते, तुम्ही कोथिंबीर आणायला गेलात तरी सेकंड शिफ्टला निघाल्यासारखे दिसता.

एप्रिलपासून मला क्वालिटीमधून उचलून कस्टमर आणि सप्लायर भेटींच्या कामाला लावलंय. युनिफॉर्म बंद. साहेब म्हणाले, "फॉर्मल नको, स्मार्ट कॅज्युअल घाला." मी मान डोलावली. घरी येऊन आठवीतल्या मुलीला अर्थ विचारला, तर म्हणाली, "बाबा, तुम्ही घालता तसं नसतं ते."

पहिल्या भेटीला काय केलं ते सांगतो, हसून घ्या. मेहुण्याच्या लग्नात घेतलेला मरून शर्ट होता. चकाकणारा, कॉलरच्या आतून वेगळं कापड, खिशावर बारीक भरतकाम. कपाटात सगळ्यात महाग तोच, म्हणून तोच घातला. खाली युनिफॉर्मचीच पँट, आणि दुसरे बूट नव्हते म्हणून सेफ्टी शूज. चाकणला त्या कंपनीच्या गेटवर मेटल डिटेक्टर केकाटला, कारण बुटाच्या चवड्यात लोखंडी टोपी असते. बूट काढून मोज्यांवर उभा राहिलो. डाव्या मोज्यातून अंगठा बाहेर. आत गेलो तर चहा देणाऱ्या पोराने विचारलं, "साहेब, आज कुणाची हळद आहे का?" पर्चेसवाले गृहस्थ मीटिंगभर माझ्या खिशाकडे बघत होते. खिशात सवयीने दोन पेनं, सहा इंची स्टीलची पट्टी आणि छोटी डायरी.

मग सेलमध्ये स्लिम फिट शर्ट घेतला. उभा असलो की बरा दिसतो. खुर्चीत बसलो की पोटावरच्या दोन बटणांच्या मधून बनियन डोकावतं.

बजेट दहा हजार, बूट धरून. येणं-जाणं बाइकवर, पावसाळा तोंडावर आलाय. कपाटाच्या वरच्या कप्प्यात आहेरात आलेले पीस आहेत, शर्टाचे आणि पँटचे मिळून अकरा. २००९ साली आमचं लग्न झालं तेव्हापासूनचे. बरेचसे आम्हीही पुढे आहेरात फिरवले, हे उरलेले. ते शिवून घ्यावेत, की आणखी कुणाच्या तरी लग्नात सरकवावेत? आणि शुक्रवारी ऑफिसात कुर्ता चालतो, त्याखाली कोल्हापुरी बरी दिसेल का?

फोटो मागू नका, टाकणार नाही.

साधी_राहणी (सोमवार, रात्री ११:०५)

माणसाची किंमत कपड्यावर नसते. स्वच्छ धुतलेलं, इस्त्री केलेलं घाला आणि काम चोख करा. आम्ही आयुष्यभर दोन पांढऱ्या शर्टांवर नोकरी केली.

भोसरी_शॉपफ्लोअर (सोमवार, रात्री ११:१२)

काका, शंभर टक्के मान्य. पण हे त्या चहावाल्या पोराला कोण सांगणार?

शिंप्याचा_थोरला (मंगळवार, सकाळी ७:२०)

वडिलांचं मिरजेत शिलाईचं दुकान होतं. काज-बटण करत करत मी दहावी झालो. पुढे बँकेत लागलो, तरी अजून काउंटरवर माणूस आला की आधी त्याच्या खांद्याची शिवण दिसते, मग चेहरा. तेव्हा जरा लांबण लागेल, चहा घेऊन बसा.

शर्ट घालून हात मोकळा सोडा आणि दुसऱ्या हाताने खांद्याच्या टोकाचं हाड चाचपा. बाहीची शिवण बरोबर त्या हाडावर बसली पाहिजे. दंडावर उतरली असेल तर शर्ट थोरल्या भावाचा वाटतो, मानेकडे सरकली असेल तर धाकट्याचा. रेडिमेडमध्ये बाकीचं काहीही मोठं झालं तरी निस्तरता येतं. बाजूच्या शिवणी आत घेता येतात, कफ उसवून बाही आखूड होते, खालून लांबी कमी होते. खांद्याला हात लावायचा म्हणजे पूर्ण बाही काढून मुंढा, म्हणजे बाही जोडायचा गोल, नव्याने कापायचा, आणि तो उपद्व्याप कुठलाही ऑल्टरवाला खुशीने करत नाही. तुमचा सेलचा शर्ट खांद्याला बसला आणि पोटाला हरला. पोटाच्या मापाचा घेतला असता तर खांदे लोंबले असते. पोट असलेल्या माणसाने शिवून घालावं, असं वडील गिऱ्हाइकांना सांगायचे. त्यात त्यांचा धंदा होता हे खरं, पण बोलणं खोटं नव्हतं.

आता पँट. फोटो न बघता सांगतो, तुमचा पट्टा पोटाच्या खाली आहे. चाळिशीतल्या दहातल्या आठ जणांचा असतो. मग कंबर ३६ असल्याचं समाधान मिळतं, पण पोट पट्ट्यावरून खाली झुकतं, सीट ओघळते आणि पाय चार बोटं आखूड दिसतात. ५ फूट ५ वाल्याला ते परवडत नाही. पँट बेंबीखाली दोन बोटांवर बसेल अशी शिवा, मग कंबर ३८ लागेल. लागू दे, आकडा आतल्या बाजूला असतो. खाली बुटावर फार तर एक हलकी मोड पडावी. घोट्यापाशी कापडाचा ढीग साचला की होती ती उंचीही गेली.

आहेराच्या पिसांचं म्हणाल तर ते मुळीच कुणाला सरकवू नका, आधी मला वाचा. प्रत्येक पीस उघडून दिवसाउजेडी खिडकीसमोर धरा. बारा-पंधरा वर्षं एकाच घडीवर पडलेलं कापड घडीच्या रेषेवर विरतं किंवा तिथला रंग उडतो. भोकं असतील तर कसर, म्हणजे कापड खाणारी कीड, लागली आहे. मग काठाचा एक-एक धागा ओढून काढा, चिमट्यात धरून बेसिनवर जाळा. कॉटन कागदासारखं भुरभुर जळतं, मागे करडी मऊ राख राहते. पॉलिस्टर आधी आक्रसतं, मग वितळतं, आणि गार झालं की टोकाला काळा टणक मणी होतो. मिश्र असेल तर दोन्ही थोडं थोडं. आणि केस जळल्यासारखा वास आला तर हातातलं काम टाकून मला इथे कळवा, लोकर आहे. शर्टपीस मण्यावाला निघाला तर पुण्याच्या उन्हाळ्यात तो अंगावर घालू नका, घाम आतच राहतो. पँटला मात्र मिश्र कापड वाईट नाही. चुरगळत नाही, पावसात भिजलं तर तासाभरात वाळतं, बाइकवाल्याला बरंच.

मग पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, मोजा. ५८ इंच पन्हा असेल तर फुल बाहीच्या शर्टाला साधारण १.६० मीटर पुरतं, ३६ इंच असेल तर सव्वादोन ते अडीच लागतं. पँटला ५८ पन्ह्यात १.२०-१.३०. कॉटनचा पीस रात्रभर पाण्यात भिजवून, न पिळता सावलीत वाळवून मगच टेलरकडे न्यायचा, सेल्व्हेजवर (कापडाच्या काठावर) सॅनफोराइज्ड, म्हणजे आधीच आटवलेलं, असं छापलेलं असलं तरी. नाहीतर दुसऱ्या धुण्याला कॉलर गळा धरते आणि शिव्या बिचाऱ्या शिंप्याला.

माप देताना खिसे रिकामे ठेवा. पाकीट आणि मोबाइल धरून मापलेली सीट आयुष्यभर पिशवीसारखी राहते. श्वास आत ओढून उभं राहायचं नाही, मास्तरांना सगळं माहीत असतं. ट्रायलला बसून बघा, बाइकवर बसल्यासारखं वाकून बघा. शर्टाच्या बाजूला आणि पँटच्या मागच्या शिवणीत माया, म्हणजे पुढे उसवून सैल करायला जादा कापड, सोडायला सांगा, दीड-दोन इंच तरी. रेडिमेडवाले ती कापून टाकतात, म्हणून त्यांची पँट दिवाळीनंतर निकामी होते. पट्ट्याचे लूप सात लावून घ्या, काही जण पाचात भागवतात. मागे मधोमध एक हवाच, नाहीतर वाकलं की पट्टा वर आणि पँट खाली. शर्टाला खिसा एकच, साधा. आणि त्या खिशात फार तर एक पेन. स्टीलची पट्टी बॅगेत.

रंगांचं डोकं फार लावू नका. पँट तीन करा, नेव्ही, करडी आणि एक मातकट खाकी. (खाकी म्हणजे खाकेचा, मातीचा रंग. मूळ शब्द फारसीतला.) शर्ट पांढरा, आकाशी, बारीक रेघांचा, बारीक चौकडीचा. कुठलाही शर्ट कुठल्याही पँटवर जाईल, सकाळी अंधारात हात घातला तरी चुकायचं नाही. एकच नको. फिकट निळा साधा शर्ट त्या नेव्ही पँटवर घालू नका, तुम्हाला कारण सांगायला नको.

८:१३ची_कल्याण (मंगळवार, सकाळी ९:०२)

लोकलमधून टाइप करतोय, चुका झाल्या तर माफी.

वरचा प्रतिसाद प्रिंट काढून ठेवण्यासारखा आहे. माझी एकच भर. कुणीतरी येऊन लिनन घ्या म्हणेल, घेऊ नका. लिनन निघतं जवसाच्या झाडाच्या खोडातून, गार असतं, पाच मिनिटं राजबिंडा दिसतो माणूस. दादरला पोचेपर्यंत मी उशीच्या अभ्र्यासारखा होतो. बाइकवर तेच होणार. त्यापेक्षा ऑक्सफर्ड विणीचं कॉटन शोधा, जरा जाडसर, दाणेदार पोत असतो. मोशी ते चाकण काढेल.

पाठीवर सॅक लावत असाल तर खांद्यावर शर्टाला लव उठते. माझे तीन शर्ट असे गेले. बाइकच्या टाकीवर बांधायची बॅग मिळते, ती घ्या.

जाता जाता एक. तुम्ही सोळा वर्षं अंगावर वागवला त्या कामगारी कपड्याचं मुंबईशी नातं आहे. इंग्रजीतला डंगरी हा शब्द आपल्या डोंगरीवरून गेलाय. तिथे विकल्या जाणाऱ्या जाड्याभरड्या सुती कापडाला ते नाव पडलं, मग त्याच्या विजारींना. तेव्हा शॉपफ्लोअरचे म्हणून लाजू नका, सगळं जग जीन्स घालून तुमच्याच मागून चाललंय. डोंबिवली आलं, आता हात वर करायलाही जागा नाही.

थोरली_जाऊ_नाशिक (मंगळवार, दुपारी २:३०)

पुरुषांच्या धाग्यावर आगाऊपणा करतेय, पण इस्त्री शेवटी आम्हीच करतो, म्हणून हक्क आहे.

पांढऱ्या शर्टाखाली पांढरं बनियन घालू नका. आतून त्याची खांद्याची पट्टी आणि गळ्याचा गोल स्वच्छ दिसतो. फिकट करडं किंवा अंगाच्या रंगाचं बनियन घाला, काही दिसत नाही. आमच्या ह्यांना हे पटायला अकरा वर्षं लागली. शेवटी एकदा दोन्ही घालून आरशासमोर उभं केलं, तेव्हा गप्प बसले.

मिश्र कापडाच्या पँटवर इस्त्री थेट टेकवू नका. गुडघ्यावर आणि सीटवर चकाकी येते, ती परत जात नाही. वर ओलसर सुती फडकं टाकून दाबायचं, किंवा पँट उलटी करून. आणि मोजे पँटच्या रंगाचे घ्या, बुटाच्या नाही. भोकं पडलेले आज रात्रीच फेका. तुमच्या बायकोने ते धुताना बघितले नसतील असं समजू नका. तिने सोडून दिलेलं असतं.

टेम्सकाठी_टिळक (मंगळवार, दुपारी ४:१५)

एक नेव्ही ब्लेझर घ्या, टॅन लेदरचे ब्रोग्ज बूट घ्या, विषय संपला. इथे सगळे हेच घालतात.

८:१३ची_कल्याण (मंगळवार, दुपारी ४:१८)

साहेब, चाकणला मे महिन्यात ब्लेझर घालून बाइकवर या. सिग्नलला भेटू.

पंचगंगेचा_पुरावा (मंगळवार, रात्री ८:५०)

कोल्हापुरीचं कुणीच बोलंना, म्हणून आलो.

कुर्त्याखाली जबरदस्त दिसते, पण खरी घ्या. खऱ्या कोल्हापुरीचं कातडं बाभळीची साल आणि हिरड्यात कमावलेलं असतं, आणि चप्पल शिवलेली असते कातड्याच्या वादीने. तळ उलटून बघा. खिळा दिसला किंवा रबराचा सोल दिसला तर तिला दुसरं काहीही म्हणा. २०१९ साली तिला भौगोलिक मानांकन मिळालं, आणि त्यात आमच्याबरोबर सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर हे जिल्हेही आहेत. हे आम्ही कोल्हापूरकर सहसा स्वतःहून सांगत नाही.

पहिला आठवडा ती चावणार. अंगठ्याशी आणि वरच्या पट्ट्याखाली खोबरेल तेल चोळून रात्रभर ठेवायची, दोन-तीन दिवस घरातल्या घरात घालायची. एकदम ऑफिसला घालून गेलात तर दुपारी अनवाणी याल. पायाला थोडी घट्टच घ्या, कातडं सैल पडतं. आणि जून ते सप्टेंबर कपाटात, कागदात गुंडाळून. भिजली की तळ फुगतो, मग ती चप्पल राहत नाही, भाकरी होते.

भोसरी_शॉपफ्लोअर (काही आठवड्यांनी, रविवार, संध्याकाळी ६:३०)

सगळ्यांचे आभार. हिशोब द्यायला आलोय.

धागे जाळायचा कार्यक्रम रविवारी केला. मी चिमटा धरला, मुलगी मेणबत्ती, बायको वहीत नोंद करत होती. नोंदी माझ्या जुन्या इन्स्पेक्शन रिपोर्टसारख्या, पीस नंबर, शेरा, पास किंवा फेल. सहा शर्टपीस होते, त्यातल्या चारांचा मणी झाला, दोन कॉटन निघाले, एक आकाशी आणि एक बारीक रेघांचा. पँटपीस पाच. त्यातला एक घडीवर विरलेला. तीन मिश्र, पैकी एक जांभळा होता, त्याचा विषय नको.

पाचवा करडा. २००९ चा, सासऱ्यांनी लग्नात दिलेला. इतका साधा दिसायचा की मी कधी पूर्ण उघडलाही नव्हता, दोनदा आहेरात द्यायला काढून "हा फारच साधा आहे" म्हणून परत ठेवला होता. त्याचा धागा पेटवला आणि आई देवघरातून ओरडली, "कुणाचे केस जाळताय रे?" थोरले दादा, तुमची आठवण झाली. बायको पाच मिनिटं काही बोलली नाही. मग म्हणाली, अप्पांनी तेव्हा पतसंस्थेतून उचल घेतली होती, कशासाठी ते आम्हाला कळलं नव्हतं.

एका कोपऱ्यात कसरीची दोन भोकं होती. आकुर्डीला एक म्हातारे मास्तर सापडले, त्यांनी कापड टेबलावर पसरलं, खडूने भोकांभोवती गोल केले आणि बराच वेळ नुसते बघत राहिले. मग कमरेच्या पट्टीचं कापड तिथून काढलं, भोकं शिवणीच्या आत गेली. मला म्हणाले, हे कापड कुठून आणलंत? मी म्हटलं, आहेर. त्यांनी चष्म्यावरून बघितलं, विश्वास बसला नसावा.

खर्च: करडी पँट धरून तीन पँट आणि दोन शर्टांची शिलाई २,७५०. पांढरा आणि चौकडीचा शर्ट रेडिमेड, खांदा चाचपूनच, दोन्ही मिळून २,२००. ऑल्टर १४०. तपकिरी बूट २,४००, चवड्यात टोपी नाही, लोखंड नाही. मोजे सहा जोड, करडी बनियनं चार. कोल्हापुरी अजून घेतली नाही, पाऊस पडतोय. दहाच्या आत बसलं.

खाकी पँट बेंबीखाली दोन बोटांवर घालून पहिल्या दिवशी अवघडलो, आजोबांसारखं वाटत होतं. मुलीने दारातून बघितलं आणि नुसती "हं" म्हणाली. ती आठवीत आहे, म्हणजे हे बरंच झालं.

काल सासरे आले होते. करडी पँट घालून दार उघडलं. त्यांनी पँटकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि विचारलं, "गाडी कुठे लावू?" जेवताना मात्र दोनदा वाकून बॉटमची शिलाई बघितली.

शिंप्याचा_थोरला (रविवार, संध्याकाळी ७:०५)

लोकर घरी धुवायची नाही. कपाटात कडुलिंबाची वाळलेली पानं ठेवा. आणि लूप किती लावले मास्तरांनी?

भोसरी_शॉपफ्लोअर (रविवार, संध्याकाळी ७:११)

मोजले. सहा. मागचा मधला नाही.

शिंप्याचा_थोरला (रविवार, संध्याकाळी ७:१२)

परत न्या.